प्रवाहप्रेरित रेणुक्रम

प्रवाहप्रेरित रेणुक्रम ही बहुवारिकांच्या, म्हणजेच पॉलिमरांच्या, द्रावणांत आढळणारी भौतिक घटना आहे. स्थिर द्रावणात बहुवारिकाचे लांब साखळीरेणू अस्ताव्यस्त गुंडाळलेले असतात किंवा कोणत्याही दिशेला पडलेले असतात. द्रावण वाहू लागले की हे रेणू ताणले जातात, फिरतात आणि काही परिस्थितींत एकमेकांना समांतर रांगेत येतात. प्रवाह थांबल्यावर उष्णतेमुळे होणारी रेणूंची हालचाल ही मांडणी पुन्हा मोडून टाकते. रेणू ओळीत येतील की नाही, हे केवळ प्रवाहाच्या वेगावर ठरत नाही. प्रवाह ज्या गतीने रेणूचा आकार बदलतो आणि रेणू ज्या गतीने आपल्या मूळ स्थितीकडे परततो, त्या दोन गतींच्या स्पर्धेवर ते ठरते.

या घटनेचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. एकाच रसायनाच्या एकाच संहतीच्या द्रावणापासून, केवळ ते कसे वाहू दिले यावर, ठिसूळ पदार्थ किंवा पोलादाहून बळकट तंतू तयार होऊ शकतो. रेशीमकिड्याचे सूतकताई, खनिज तेलाच्या नळवाहिन्यांतील घर्षण कमी करणे आणि जखमेतील रक्तस्राव थांबणे या वरवर असंबद्ध वाटणाऱ्या गोष्टींच्या मुळाशी हीच घटना आहे.

## स्थिर द्रावणातील रेणू

बहुवारिकाचा रेणू हजारो लहान घटक एकापुढे एक जोडून बनलेला असतो. असे महारेणू खरोखर अस्तित्वात असतात, ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. तिला बराच विरोध झाला. पुढे १९५३ मध्ये याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

लवचिक साखळी द्रावणात सरळ राहत नाही. तिच्या प्रत्येक सांध्याला अनेक दिशांना वळण्याची मुभा असते. साखळी पूर्ण सरळ असण्याची मांडणी एकच, पण ती गुंडाळलेली असण्याच्या मांडण्या अगणित असतात. त्यामुळे द्रावकाच्या रेणूंचे सततचे धक्के खात साखळी सैल गुंडाळीच्या रूपात राहते. उदाहरणार्थ, १० लाख रेणुभाराच्या पॉलिस्टायरीनची साखळी सरळ केली तर तिची लांबी सुमारे २.५ मायक्रोमीटर भरेल. प्रत्यक्षात तिच्या गुंडाळीची त्रिज्या काही दशक नॅनोमीटर एवढीच असते. गुंडाळी ताणली की तिला उपलब्ध असलेल्या मांडण्यांची संख्या, म्हणजे तिची एन्ट्रॉपी, घटते. म्हणून ताणलेली साखळी रबराप्रमाणे पुन्हा आखडू पाहते. या आखडण्यामागे रेणूंमधील आकर्षण नसून संभाव्यतेचा नियम असतो.

काही बहुवारिके मात्र स्वभावतःच ताठ असतात. केव्हलार या तंतूचे रेणू, झँथन गोंद किंवा तंबाखूच्या पानांवरील मोझेक रोगाचा विषाणू ही त्यांची उदाहरणे होत. या विषाणूचे कण सुमारे ३०० नॅनोमीटर लांब आणि १८ नॅनोमीटर जाड काठीसारखे असतात. अशा काठ्या प्रवाहात ताणल्या जात नाहीत. त्या फक्त वळतात. त्यामुळे प्रवाहप्रेरित क्रमाचे दोन भाग पडतात: लवचिक साखळ्यांचे ताणले जाणे आणि ताठ रेणूंचे एका दिशेला वळणे.

## दोन कालमानांची स्पर्धा

ताणलेल्या साखळीला पुन्हा गुंडाळीत परतण्यासाठी लागणाऱ्या वेळेला शिथिलीकरण काल म्हणतात. साखळी जितकी लांब आणि द्रावक जितका दाट, तितका हा काल मोठा. विरल द्रावणात रेणुभार दुप्पट झाला तर शिथिलीकरण काल सुमारे तिप्पट होतो. साखळ्या मणी आणि स्प्रिंगांच्या माळेसारख्या मानून या कालाचे गणित प्रिन्स रूज यांनी १९५३ मध्ये आणि ब्रूनो झिम यांनी १९५६ मध्ये मांडले. झिम यांच्या मांडणीत एका मण्याच्या हालचालीमुळे द्रावकात उठणारा प्रवाह दुसऱ्या मण्यावर काय परिणाम करतो, याचाही विचार होता.

प्रवाहाचे कालमान त्याच्या कर्तनदरावरून मिळते. द्रवाच्या दोन थरांच्या वेगांतील फरकाला त्या थरांमधील अंतराने भागले की कर्तनदर मिळतो. त्याचे एकक प्रतिसेकंद असे आहे. भिंतीवर ०.१ मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर देताना कुंचला सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने फिरत असेल, तर रंगातील कर्तनदर प्रतिसेकंद १,००० इतका असतो.

कर्तनदर आणि शिथिलीकरण काल यांच्या गुणाकाराला वायसेनबर्ग अंक म्हणतात. हा अंक १ पेक्षा बराच लहान असेल तर साखळीला सावरायला पुरेसा वेळ मिळतो आणि द्रावण साध्या द्रवासारखे वागते. अंक १ च्या पुढे गेला की साखळी सावरण्यापूर्वीच प्रवाह तिला आणखी विकृत करतो आणि क्रम निर्माण होऊ लागतो. वरील कुंचल्याच्या उदाहरणात १० लाख रेणुभाराच्या पॉलिस्टायरीनचे पातळ द्रावकातील विरल द्रावण घेतले, तर त्याचा शिथिलीकरण काल सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असल्याने वायसेनबर्ग अंक ०.१ पेक्षा लहान राहतो. रेणूंवर प्रवाहाचा फारसा परिणाम होत नाही. त्याच प्रवाहात लॅम्ब्डा या विषाणूचे डीएनए असेल, तर त्याचा पाण्यातील शिथिलीकरण काल सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका असल्याने अंक १०० च्या घरात जातो आणि रेणू जोरदार ताणले जातात.

याच्याशी निगडित असलेला डेबोरा अंक पदार्थाचा शिथिलीकरण काल आणि निरीक्षणाचा किंवा प्रक्रियेचा काल यांचे गुणोत्तर सांगतो. मार्कुस राइनर यांनी १९६४ मध्ये बायबलमधील डेबोरा या स्त्री-प्रेषिताच्या नावावरून तो प्रचारात आणला. तिच्या गीतात ईश्वरासमोर पर्वत वाहिल्याचा उल्लेख आहे. पुरेसा दीर्घ काळ वाट पाहिली तर पर्वतही वाहतो आणि पुरेशा अल्प काळात पाहिले तर पाणीही घनासारखे वागते, असा त्यामागचा आशय आहे.

## कर्तन प्रवाह आणि ताण प्रवाह

सर्व प्रवाह रेणूंना सारखेच ओळीत आणत नाहीत. या दृष्टीने दोन मूलभूत प्रकार महत्त्वाचे आहेत.

कर्तन प्रवाहात द्रवाचे थर एकमेकांवरून घसरतात. नळीच्या भिंतीजवळ किंवा एकमेकींवर सरकणाऱ्या दोन सपाट पृष्ठांमध्ये असा प्रवाह असतो. त्याचे गणिती पृथक्करण केले तर त्यात निम्मा भाग ताणण्याचा आणि निम्मा भाग फिरवण्याचा असतो. प्रवाह रेणूला ताणतो, पण लगेच त्याला फिरवून ताणण्याच्या दिशेबाहेर नेतो. जी. बी. जेफ्री यांनी १९२२ मध्ये दाखवले की कर्तन प्रवाहातील लांबट कण एका जागी स्थिर न राहता ठराविक काळाने उलटत राहतो. तो आपला बहुतेक वेळ प्रवाहाच्या दिशेला जवळजवळ समांतर घालवतो, मग झटकन कोलांटी घेतो आणि पुन्हा समांतर होतो. लवचिक साखळ्याही अशाच कोलांट्या घेतात: ताणल्या जातात, गुंडाळल्या जातात आणि पुन्हा ताणल्या जातात. मंद कर्तनात रेणूंची सरासरी दिशा प्रवाहाशी सुमारे ४५ अंशांचा कोन करते. कर्तनदर वाढेल तसा हा कोन शून्याकडे झुकतो.

ताण प्रवाहात द्रव एका दिशेने लांबत आणि आडव्या दिशेने आकुंचत जातो. अरुंद होत जाणाऱ्या तोंडातून द्रव बाहेर पडताना किंवा दाट द्रवाची तार ओढताना असा प्रवाह निर्माण होतो. त्यात फिरवण्याचा भाग नसतो. रेणू एकदा ताणण्याच्या दिशेला आला की तिथेच राहतो आणि सतत ताणला जातो. म्हणूनच तंतू बनवण्याच्या बहुतेक प्रक्रियांत ताण प्रवाहाचा वापर होतो. भेंडी चिरल्यावर सुटणारी चिकट तार किंवा लाळेची तार सहजासहजी तुटत नाही, याचे कारणही तारेत ताणल्या गेलेल्या लांब रेणूंचा विरोध हेच आहे.

साध्या द्रवाची ताण प्रवाहातील श्यानता कर्तनातील श्यानतेच्या बरोबर तिप्पट असते, असे फ्रेडरिक ट्रूटन यांनी १९०६ मध्ये दाखवले. बहुवारिकाच्या विरल द्रावणात हे गुणोत्तर शेकडो किंवा हजारोंपर्यंत जाऊ शकते.

## गुंडाळीपासून ताणलेल्या साखळीपर्यंत

ताण प्रवाहाचा दर हळूहळू वाढवला तर गुंडाळीही हळूहळू लांबत जाईल, अशी अपेक्षा होती. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द झेन यांनी १९७४ मध्ये वेगळे भाकीत केले. त्यांच्या मते ताणदर आणि शिथिलीकरण काल यांचा गुणाकार सुमारे ०.५ या मूल्याला पोहोचला की गुंडाळी एकाएकी उलगडते आणि जवळजवळ पूर्ण लांबीला जाते. गुंडाळीच्या आतील घटक बाहेरच्या घटकांमुळे प्रवाहापासून झाकलेले असतात. ती थोडी उलगडली की अधिक घटक उघडे पडतात, प्रवाहाची पकड वाढते आणि उलगडणे स्वतःलाच वेग देते. या बदलाला गुंडाळी-ताण संक्रमण म्हणतात. एकदा ताणलेली साखळी प्रवाह थोडा मंदावला तरी ताणलेलीच राहील, म्हणजे तिची स्थिती तिच्या पूर्वेतिहासावर अवलंबून असेल, असेही या सिद्धांताने सुचवले.

ब्रिस्टल विद्यापीठात अँड्र्यू केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटकोनात छेदणाऱ्या दोन खाचांमध्ये समोरासमोरून द्रावण सोडून हे संक्रमण तपासले. खाचांच्या छेदाजवळ द्रव जवळजवळ स्थिर असतो, पण तेथे ताण मोठा असतो. ध्रुवित प्रकाशात पाहिल्यावर ठराविक ताणदरानंतर त्या ठिकाणी एक बारीक प्रकाशमान रेषा उमटत असे. ती ताणलेल्या रेणूंची रेषा होती.

एकेका रेणूचे थेट निरीक्षण १९९७ मध्ये शक्य झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील थॉमस पर्किन्स, डग्लस स्मिथ आणि स्टीव्हन चू यांनी लॅम्ब्डा विषाणूच्या डीएनएला चमकणारा रंग देऊन ताण प्रवाहातील त्याची हालचाल सूक्ष्मदर्शकातून टिपली. या डीएनएमध्ये ४८,५०२ बेसजोड्या असून त्याची पूर्ण लांबी सुमारे १६ मायक्रोमीटर असते. रंग मिसळल्यावर ती आणखी वाढते. स्थिर द्रावणातील त्याची गुंडाळी मात्र एक-दीड मायक्रोमीटर रुंद असते. प्रयोगात संक्रमण अपेक्षेप्रमाणे दिसले. त्याबरोबर एक अनपेक्षित गोष्टही दिसली: अगदी सारखे रेणू एकाच प्रवाहात वेगवेगळ्या रीतींनी उलगडत होते. काहींना दोन्ही टोकांना गाठी असत, काही मध्येच दुमडलेले असत, तर काही बराच वेळ गुंडाळलेलेच राहत. प्रवाहात शिरताना रेणूचा योगायोगाने जो आकार असेल, त्यावर त्याची पुढील वाटचाल ठरत होती. द झेन यांनी या वर्तनाला रेणूंचे व्यक्तिवैशिष्ट्य म्हटले. पूर्वेतिहासाचे भाकीत २००३ मध्ये चार्ल्स श्रोडर, एरिक शकफे, चू आदींनी मिलिमीटरभर लांबीच्या डीएनएवर प्रयोग करून सिद्ध केले.

याच गटाने १९९९ मध्ये कर्तन प्रवाहातील डीएनएचे निरीक्षण केले. तेथे कर्तनदर कितीही वाढवला तरी रेणूंची सरासरी लांबी पूर्ण लांबीच्या निम्म्याच्या आसपासच थबकते, असे आढळले. कोलांट्यांमुळे कर्तन प्रवाहाला साखळी सतत ताणलेली ठेवता येत नाही, हा निष्कर्ष त्यातून स्पष्ट झाला.

## ताठ रेणू आणि द्रवस्फटिक

काठीसारख्या ताठ रेणूंची संहती वाढत गेली की प्रवाहाविनाही त्यांच्यात क्रम निर्माण होतो. लार्स ऑन्सागर यांनी १९४९ मध्ये याचे कारण दिले. काठ्या एकमेकींना समांतर झाल्या तर त्यांचे दिशा निवडण्याचे स्वातंत्र्य कमी होते, पण इकडेतिकडे सरकण्याचे स्वातंत्र्य वाढते. ठराविक संहतीच्या पुढे दुसरा लाभ पहिल्या तोट्याहून मोठा ठरतो आणि द्रावण नेमॅटिक द्रवस्फटिक बनते. जाडीच्या शंभरपट लांबीच्या काठ्यांसाठी ही संहती एकूण घनफळाच्या केवळ ३ ते ४ टक्के असते. पॉल फ्लोरी यांनी १९५६ मध्ये अधिक संहत द्रावणांसाठी याच प्रश्नाची वेगळी मांडणी केली.

क्रमाचे मोजमाप क्रमगुणांकाने करतात. सर्व दिशांना सारखे विखुरलेले रेणू असतील तर त्याचे मूल्य ०, आणि सर्व रेणू तंतोतंत समांतर असतील तर १ असते. प्रवाह हा क्रमगुणांक वाढवतो आणि संक्रमणाच्या जवळ असलेल्या द्रावणाला द्रवस्फटिक अवस्थेत ढकलूही शकतो.

द्रवस्फटिक द्रावणाच्या श्यानतेत एक विलक्षण गोष्ट आढळते. संहती वाढवत गेले की श्यानता आधी वाढते, संक्रमणाच्या ठिकाणी कमाल मूल्याला पोहोचते आणि त्यानंतर एकदम घटते. अधिक रेणू घातल्यावर द्रावण पातळ होते, कारण ओळीत आलेले रेणू एकमेकांच्या वाटेत कमी येतात.

नेमॅटिक द्रावणाला प्रवाहात टाकल्यावर त्याचा क्रम नेहमीच सुधारतो असे नाही. जेराल्ड एरिक्सन आणि फ्रँक लेस्ली यांनी १९६० च्या दशकात उभारलेल्या सिद्धांतानुसार काही नेमॅटिक द्रव प्रवाहाशी ठराविक कोन करून स्थिरावतात, तर काहींची सामाईक दिशा एकट्या काठीप्रमाणे सतत उलटत राहते. ताठ बहुवारिकांची अनेक द्रावणे दुसऱ्या प्रकारची असतात. संपूर्ण द्रावण एकाच वेळी उलटत नाही. त्याचे सूक्ष्म प्रदेश आपापल्या गतीने उलटतात आणि त्यांच्यामध्ये दोषरेषा तयार होतात. अशा द्रावणांत मध्यम कर्तनदरांना प्रवाहाच्या दिशेतील आणि आडव्या दिशेतील प्रतिबलांचा फरक ऋण होतो, हे गॅबोर किस आणि रॉजर पोर्टर यांनी १९७८ मध्ये दाखवले. साध्या बहुवारिक द्रावणांत तो नेहमी धन असतो. या उलट चिन्हाचा संबंध रेणुदिशेच्या उलटण्याशी आहे, असे जुझेप्पे मार्रुच्ची आणि पिएर लुका माफेत्तोने यांनी १९८९ मध्ये स्पष्ट केले.

## प्रवाहामुळे स्फटिकीभवन

प्रवाहाने आणलेला क्रम प्रवाह थांबल्यावर सहसा नाहीसा होतो. पण रेणू ओळीत असतानाच घन झाले तर तो कायमचा राहतो. नेदरलँड्समध्ये आल्बर्ट पेनिंग्ज यांनी १९६० च्या दशकात पॉलिथिलीनचे गरम द्रावण जोराने ढवळत थंड केले. तेव्हा ढवळणीवर तंतुमय स्फटिक जमा झाले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांची रचना सळईत ओवलेल्या कबाबांसारखी दिसली आणि शिश-कबाब हेच नाव तिला पडले. मधली सळई प्रवाहाने ताणलेल्या लांब साखळ्यांची असते. तिच्यावर आडव्या वाढलेल्या चकत्या दुमडलेल्या, प्रवाहाचा फारसा परिणाम न झालेल्या साखळ्यांच्या असतात. द्रावणातील सर्वांत लांब साखळ्यांचा शिथिलीकरण काल सर्वांत मोठा असल्याने त्याच प्रथम ताणल्या जातात आणि इतरांना स्फटिक होण्यासाठी आधार पुरवतात. त्यामुळे अतिलांब रेणूंचे अल्प प्रमाणही अंतिम पदार्थाची रचना बदलू शकते.

## प्रत्यक्ष दिसणारे परिणाम

रेणूंचा क्रम डोळ्यांना दिसत नसला तरी त्याचे परिणाम दिसतात.

कर्तन वाढल्यावर द्रावण पातळ होणे हा सर्वांत परिचित परिणाम होय. रंग कुंचल्याखाली सहज पसरतो, पण भिंतीवरून ओघळत नाही. यामागे रंगातील घट्टपणा आणणाऱ्या बहुवारिकांचे प्रवाहात ओळीत येणे हे एक कारण असते. सांध्यांमधील वंगणद्रवातील हायलुरॉनिक आम्लाच्या लांब साखळ्याही अशाच वागतात.

बहुवारिकाच्या द्रावणात काठी फिरवली तर द्रव बाहेर फेकला न जाता काठीवर चढतो. कार्ल वायसेनबर्ग यांनी १९४७ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. वर्तुळाकार प्रवाहरेषांच्या दिशेने ताणलेले रेणू आखडू पाहतात आणि ताणलेल्या रबरी कड्यांप्रमाणे द्रवाला आत आणि वर दाबतात.

बी. ए. टॉम्स यांनी १९४८ मध्ये तिसरा परिणाम नोंदवला. संक्षुब्धपणे वाहणाऱ्या द्रवात बहुवारिकाचे अत्यल्प प्रमाण मिसळले तर नळीतील घर्षण घटते. दशलक्ष भागांत काही भाग एवढ्याने घर्षण निम्म्याहून अधिक कमी होऊ शकते. भोवऱ्यांमधील ताण प्रवाहात साखळ्या उलगडतात आणि भिंतीजवळच्या भोवऱ्यांची वाढ रोखतात, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. अलास्कातील खनिज तेलाच्या नळवाहिनीत १९७९ पासून अशा बहुवारिकांचा वापर सुरू झाला. या उपयोगाला एक अंगभूत मर्यादा आहे. घर्षण कमी करणारा ताणच साखळ्या तोडतो. पूर्ण ताणलेल्या साखळीत सर्वाधिक बल मध्यभागी येते, त्यामुळे ती बहुधा मध्यावर तुटते आणि तिचे तुकडे निरुपयोगी ठरतात. म्हणून लांब नळवाहिन्यांत बहुवारिक ठिकठिकाणी नव्याने सोडावे लागते.

## मापनाच्या पद्धती

सर्वांत जुनी पद्धत प्रकाशाची आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये कॅनडा बाल्सम या दाट राळेत प्रवाहामुळे द्विअपवर्तन निर्माण होते, असे नोंदवले. ओळीत आलेल्या रेणूंमधून जाताना प्रकाशाचा वेग रेणूंच्या लांबीच्या दिशेने आणि आडव्या दिशेने वेगवेगळा असतो. त्यामुळे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये स्थिर द्रावण काळे दिसते आणि वाहणारे उजळते. तंबाखूच्या मोझेक विषाणूचे कण काठीसारखे असावेत, हा निष्कर्ष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ते दिसण्यापूर्वीच १९३३ मध्ये याच पद्धतीने काढण्यात आला होता. लवचिक बहुवारिकांच्या द्रावणांत द्विअपवर्तन हे प्रतिबलाच्या प्रमाणात असते. त्यामुळे प्रकाशावरून द्रवातील बलांचा नकाशाही काढता येतो.

न्यूट्रॉन आणि क्ष-किरणांच्या प्रकीर्णनातून रेणूंचा सरासरी आकार आणि दिशा समजते. एकात एक बसवलेल्या दोन दंडगोलांपैकी एक फिरवून मधल्या फटीतील द्रावणावर किरण सोडतात. स्थिर द्रावणात गोल दिसणारा प्रकीर्णनाचा आकृतिबंध प्रवाहात लंबगोल होतो. या पद्धती सरासरी सांगतात. एकेका रेणूचे वर्तन पाहण्यासाठी चमकणाऱ्या डीएनएचा सूक्ष्मदर्शकीय अभ्यास उपयोगी पडतो.

## तंतूनिर्मितीतील उपयोग

ड्यूपाँ कंपनीतील रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांना १९६५ मध्ये ताठ रेणूंच्या एका बहुवारिकाचे द्रावण मिळाले. ते नेहमीच्या द्रावणांसारखे दाट आणि पारदर्शक नव्हते. ताकासारखे पातळ आणि गढूळ होते. गढूळपणा न विरघळलेल्या कणांचा असावा आणि त्याने यंत्राची बारीक छिद्रे बुजतील, या शंकेने त्यापासून तंतू काढण्यास सुरुवातीला टाळाटाळ झाली. प्रत्यक्षात तो गढूळपणा द्रवस्फटिकाचा होता. त्यापासून निघालेला तंतू अनपेक्षितपणे ताठ आणि बळकट निघाला आणि या संशोधनातून पुढे केव्हलार विकसित झाले. केव्हलारसाठी बहुवारिकाचे सुमारे २० टक्के संहतीचे द्रावण संहत गंधकाम्लात तयार करतात. ते बारीक छिद्रांतून बाहेर काढून हवेच्या छोट्या अंतरात ओढतात आणि लगेच थंड पाण्यात सोडतात. छिद्रातील व हवेतील प्रवाह द्रवस्फटिकाचे वेगवेगळ्या दिशांचे प्रदेश एका दिशेला आणतो आणि पाणी आम्ल धुऊन काढत तो क्रम घन करते. समान वजनाच्या तुलनेत हा तंतू पोलादाच्या सुमारे पाचपट बळकट असतो.

लवचिक पॉलिथिलीनपासूनही तितकाच बळकट तंतू मिळतो, पण त्यासाठी वेगळा मार्ग घ्यावा लागतो. पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस अतिलांब पॉलिथिलीनच्या विरल द्रावणापासून जेलसारखा तंतू काढून तो गरम अवस्थेत अनेक पट ओढला. विरल द्रावणात साखळ्यांचा एकमेकींशी गुंता कमी असतो, त्यामुळे त्या ओढल्यावर जवळजवळ पूर्ण सरळ होतात. डायनीमा हा तंतू याच पद्धतीने बनतो.

निसर्गात हे तंत्र फार पूर्वीपासून आहे. रेशीमकिडा आणि कोळी यांच्या ग्रंथींत प्रथिनाचे संहत द्रावण असते. निमुळत्या होत जाणाऱ्या नलिकेतून ते पुढे सरकताना आम्लता आणि क्षारांचे प्रमाण बदलते, प्रवाह प्रथिनांना ताणतो आणि शरीराबाहेर येईपर्यंत द्रवाचे रूपांतर पाण्यात न विरघळणाऱ्या धाग्यात होते. कारखान्यातील प्रक्रियेला तीव्र आम्ल किंवा उष्णता लागते. कीटक हेच काम साध्या तापमानाला आणि पाण्याच्या माध्यमात करतो.

## रक्तप्रवाहातील महत्त्व

मानवी रक्तात व्हॉन विलेब्रँड घटक नावाचे लांब साखळीचे प्रथिन असते. त्याच्या अभावाने होणाऱ्या रक्तस्रावी विकाराचे वर्णन फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये केले. हे प्रथिन सामान्य प्रवाहात गुंडाळलेले असते. रक्तवाहिनी कापली गेली किंवा आकुंचन पावली की त्या ठिकाणी कर्तनदर एकदम वाढतो. प्रयोगांत सुमारे प्रतिसेकंद ५,००० च्या पुढे हे प्रथिन उलगडून धाग्यासारखे होते, असे २००७ मध्ये दिसून आले. उलगडल्यावर त्यातील झाकलेल्या जागा उघड्या पडतात, रक्तपट्टिका त्यांना चिकटतात आणि रक्तस्राव थांबण्यास सुरुवात होते. जेथे प्रवाह तीव्र असल्याने गाठ टिकणे सर्वांत अवघड, नेमके तेथेच हे प्रथिन कार्यरत होते.

उलगडण्याबरोबर प्रथिनातील आणखी एक जागा उघडी पडते. तेथे एडीएएमटीएस-१३ हे विकर साखळी कापते, जेणेकरून फार लांब साखळ्या साचून निरोगी वाहिन्यांत गुठळ्या होऊ नयेत. हे विकर अपुरे पडले तर लहान रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन जीव धोक्यात येतो. उलट, महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांत तीव्र कर्तनामुळे प्रथिन सतत उलगडत राहते आणि प्रमाणाबाहेर कापले जाते. अशा रुग्णांत आतड्यांतून रक्तस्राव होण्याचा संबंध एडवर्ड हाइड यांनी १९५८ मध्ये नोंदवला होता. त्याचे रेणूपातळीवरील कारण नंतर समजले. झडप बदलून प्रवाह पूर्ववत केल्यावर अनेक रुग्णांत लांब साखळ्यांचे प्रमाण पुन्हा वाढते.

## संहत द्रावणे

संहत द्रावणांत लवचिक साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. अशा साखळीला आडवे सरकता येत नाही. ती सापासारखी स्वतःच्या लांबीच्या दिशेने सरपटत बाहेर पडते. द झेन यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या या कल्पनेवर मासाओ दोई आणि सॅम एडवर्ड्‌स यांनी १९७८ मध्ये प्रवाहाचा सिद्धांत उभारला. तीव्र प्रवाहात साखळ्यांचा गुंता कसा आणि किती सुटतो, याचा अभ्यास अजून चालू आहे. काही द्रावणे स्थिर असताना स्वच्छ आणि वाहताना गढूळ होतात. यूजीन हेलफंड आणि ग्लेन फ्रेड्रिक्सन यांनी १९८९ मध्ये दाखवले की प्रवाहातील प्रतिबल संहतीतील लहान चढउतार वाढवू शकते. याचा अर्थ प्रवाह नेहमी सुव्यवस्थाच आणतो असे नाही. रेणूंना एका दिशेला वळवत असतानाच तो त्यांची वाटणी असमान करू शकतो.

## भारतातील संशोधन

पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बहुवारिक द्रावणे आणि जेल यांच्या प्रवाहांचा अभ्यास दीर्घकाळ होत आला आहे. या संस्थेचे माजी संचालक रघुनाथ माशेलकर यांचे प्रारंभीचे संशोधन बहुवारिक द्रावणांसारख्या, न्यूटनचा श्यानतेचा नियम न पाळणाऱ्या द्रवांवर होते. आशिष लेले यांनीही तेथे बहुवारिकांच्या प्रवाही गुणधर्मांवर काम केले आहे.

## हे सुद्धा पहा

बहुवारिक · श्यानता · द्रवस्फटिक · एन्ट्रॉपी · केव्हलार · रेशीम